मासा पाण्यात, नमुना बाटलीत

दिग्रसजवळच्या धरणातून निघालेली अरुणावती नदी आर्णीवरून पुढे जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता बनते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. म्हणजे आर्णीवरून गेलेले पाणी अखेर बंगालच्या उपसागराला पोचते. या पाण्यातल्या माशांचे मूळ शोधायचे, तर तेही याच वाटेवर कोठेतरी सापडेल असे आपल्याला वाटेल.

पण बाजारात पाटीत मांडलेले रोहू, कटला आणि मृगळ यांचे मूळ या वाटेवर सापडत नाही. या तिन्ही माशांचे मुख्य घर गंगेचे खोरे. इकडच्या तलावांत ते आले ते माणसाच्या हातून. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. तोपर्यंत या माशांचे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावे लागे. आता ते केंद्रात तयार होऊ लागले. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून लाखो बोटुकली देशभरच्या तलावांत जाऊ लागली.

सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर काही प्रश्नही आले. पिशवीतले बीज अस्सल रोहूचे, की रोहू आणि कटला यांच्या संकराचे? ती सगळी पिल्ले चार-दोन मोठ्या माशांचीच संतती तर नाही? धरणातून ती नदीत उतरली, तर नदीच्या मूळच्या माशांचे काय होते? बोटाएवढ्या पिल्लाकडे पाहून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उत्तर असते माशाच्या पेशीत, त्याच्या डी.एन.ए.मध्ये. मग ते वाचण्यासाठी मासा मारायचा का? नाही. ते का शक्य झाले आणि कसे करतात, ते या लेखात पाहू या. पण हे प्रश्न वेळीच न विचारल्याने काय होते, ते आधी पाहू.

लोणावळ्याचा मासा कावेरीत

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. अनेक माशांची शास्त्रीय नावे त्याने इथल्या मच्छीमारांच्या तोंडच्या नावांवरून ठेवली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. तो आपला दख्खनी महसीर. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाला त्याने ‘मुसुल्ला’ म्हटले. पुढे कावेरी नदीतल्या प्रचंड आकाराच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरलाही पुस्तकांतून ‘मुसुल्ला’ हेच नाव चिकटले.

१९७० नंतरच्या दशकात लोणावळ्याच्या वळवण धरणाच्या परिसरात टाटा वीज कंपन्यांनी महसीरच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी दख्खनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी करून दाखवले. घटत चाललेला मासा पुन्हा वाढू लागला. त्याची बोटुकली इतर राज्यांतही पाठवण्यात आली आणि काही कावेरीत सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. महसीर कमी झाला आहे, तर महसीर सोडावा.

पण कावेरीतला महसीर निराळा होता. तेथे गळ टाकून मासे पकडणाऱ्या आणि पुन्हा सोडून देणाऱ्या शौकिनांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी पुढे तपासण्यात आल्या. त्यांत असे दिसले, की बाहेरून आलेला निळसर परांचा महसीर वाढत गेला आणि उंच पाठीचा मूळ महसीर दुर्मिळ होत गेला. धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी हीदेखील त्याच्या ऱ्हासाची कारणे होती. पण नव्या सोबत्याने त्यात भर घातली.

पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की साइक्सचा मुसुल्ला हा महसीर नव्हेच, तो वेगळ्याच वंशातला मासा आहे. म्हणजे कावेरीतला ५० किलोच्या वर वाढणारा हा राक्षसी मासा शास्त्राच्या दृष्टीने बिननावाचा ठरला! अखेर २०१८ मध्ये मोयार नदीत मिळालेल्या माशांची शरीररचना आणि डी.एन.ए. तपासून ‘टॉर रेमादेवी’ हे त्याचे नाव निश्चित झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. दख्खनी महसीर मात्र त्याच यादीत धोक्याबाहेर आला.

कोणता मासा कोठला आहे, हे बीज सोडण्यापूर्वीच कळायला हवे होते. १९७० च्या दशकात ते सहज कळण्याचे साधन नव्हते. आज आहे. पण जो मासा मोजकाच उरला आहे, त्यालाच मारून तपासायचे म्हटले, तर तपासणीच त्याच्या मुळावर येईल.

पूर्वी मासा का मारावा लागे?

डी.एन.ए.च्या शोधाशी माशांचा संबंध जुना आहे. फ्रीडरिख मीशर या स्विस शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये जखमेतल्या पुवाच्या पेशींतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. नंतर बाझेल येथे त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांचे रेत वापरले, कारण त्यातील पेशी म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकच असते. अर्थात त्याला मासे मारावेच लागले.

१९६० नंतर माशांच्या आनुवंशिक फरकांचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तो प्रथिनांच्या मार्गाने. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे विजेच्या प्रवाहात कमी-अधिक वेगाने सरकतात. त्यावरून जनुकांतील फरक ओळखला जाई. पण एक विकर यकृतात असते, दुसरे स्नायूत, तिसरे डोळ्यात. शिवाय विकरे लवकर बिघडतात. म्हणून मासा मारायचा, त्याचे अवयव काढायचे आणि ते बर्फात ठेवून घाईने प्रयोगशाळेत न्यायचे, अशी पद्धत होती. एका नदीतल्या माशांविषयी काही सांगण्यासाठी पाच-पन्नास मासे सहज खर्ची पडत.

प्रत्येक पेशीत पूर्ण पोथी

डी.एन.ए.चे तसे नाही. मासा एकाच फलित अंड्यापासून वाढतो. त्या पेशीचे विभाजन होताना दर वेळी डी.एन.ए.ची नक्कल होऊन ती नव्या पेशीत जाते. म्हणून यकृताच्या पेशीत जी पोथी, तीच शेपटीच्या टोकावरच्या पेशीतही असते. यकृताची पेशी त्यातली काही पाने वाचते आणि पराची पेशी निराळी पाने वाचते, एवढाच फरक. आपल्याला तर संपूर्ण पोथी हवी आहे. मग ती हृदयातून काढण्याऐवजी पराच्या कडेवरून का घेऊ नये?

पण एवढ्याशा तुकड्यात डी.एन.ए. असणार किती? ही अडचण १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅरी मलिस याने सोडवली. त्याच्या पद्धतीला पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजेच पी.सी.आर. म्हणतात. करोनाच्या साथीत हे नाव आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे झाले. या पद्धतीत डी.एन.ए.चा हवा तो भाग प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. वहीत गुणाकार करून पाहा. ३० फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या १,०७,३७,४१,८२४ प्रती होतात, म्हणजे १०७ कोटींहून अधिक! प्रत्यक्षात दर फेरी पूर्ण दुप्पट साधत नाही, तरीही वाचायला पुरून उरेल इतके डी.एन.ए. मिळते. या शोधासाठी मलिसला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी २००३ मधली. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी सुचवले, की प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकातील सुमारे ६५० अक्षरांचा भाग जात ओळखण्यासाठी वापरावा. दुकानातल्या वस्तूवर पट्ट्यांची खूण असते ना, तसाच हा जातीचा पट्टा. डी.एन.ए.ची लिपी चारच अक्षरांची, पण ६५० अक्षरांच्या ओळीत दोन जातींमधला फरक बहुतेक वेळा दिसतोच.

येथे एक बारकावा आहे. हा पट्टा पेशीच्या केंद्रकातला नसून तंतुकणिकांतला आहे आणि तंतुकणिका पिल्लाला फक्त आईकडून मिळतात. आई रोहू आणि बाप कटला असलेल्या संकराचा पट्टा तपासला, तर तो खुशाल ‘रोहू’ म्हणून उत्तर देईल! म्हणून बीजाची शुद्धता पाहायची असेल, तर केंद्रकातल्या डी.एन.ए.चेही काही भाग वाचावे लागतात. सुदैवाने त्यासाठी वेगळा नमुना लागत नाही. तोच तुकडा दोन्ही कामांना पुरतो.

नमुना कोठून घ्यावा?

सर्वांत जास्त वापरला जातो तो पराचा तुकडा. शेपटीच्या किंवा पोटाखालच्या पराच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग कात्रीने कापतात. बोटुकली असेल तर याहूनही लहान. पराच्या किरणांचा खालचा भाग शाबूत राहिला, तर कापलेली जागा पुन्हा भरून येते. झेब्रा मासा हा मूळचा आपल्याच देशातला. प्रयोगशाळेत उबदार पाण्यात त्याची शेपटी दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र पर मुळापासून कापला, तर तो पुन्हा येत नाही.

दुसरा मार्ग खवल्याचा. खवला स्वतः हाडासारखा कठीण असतो, पण त्याला चिकटून आलेल्या पेशींमधून डी.एन.ए. मिळते. डेन्मार्कमध्ये १९३० च्या दशकात कागदी पाकिटांत ठेवलेल्या सामन माशांच्या खवल्यांतून साठ वर्षांनीही ते काढता आले. पण शिंगाळ्यासारख्या माशाला खवलेच नसतात, तेथे हा मार्ग बंद.

तिसरा मार्ग अंगावरील बुळबुळीत श्लेष्माचा. निर्जंतुक कापसाची काडी माशाच्या अंगावरून हलकेच फिरवायची, आपल्या नाकातून करोनाच्या तपासणीसाठी फिरवत तशीच. काहीही कापावे लागत नाही. पण पाण्यातल्या दुसऱ्या माशांचे किंवा जंतूंचे डी.एन.ए. त्यात मिसळण्याचा संभव अधिक.

रक्ताचा थेंबही चालतो. आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, माशाच्या असते. त्यामुळे माशाच्या एका थेंबात डी.एन.ए. भरपूर सापडते. मात्र सुई टोचण्याला सरावलेला हात लागतो.

आणि पाचवा मार्ग तर माशाला हातही न लावण्याचा आहे. माशाच्या अंगावरून गळलेल्या पेशी, श्लेष्मा, विष्ठा हे सारे पाण्यात मिसळत असते. ते पाणी बारीक गाळणीतून गाळून गाळणीवरचे डी.एन.ए. वाचता येते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये तळ्यांच्या पाण्यावरून बेडकाची एक परदेशी जात अशा रीतीने ओळखण्यात आली. महाडजवळचे वाळण कोंड किंवा वैतरणेकाठचे तिळसे येथील डोहांत महसीरांना देवाचे मासे मानतात, त्यांना कोणी पकडत नाही. अशा ठिकाणी ही पद्धत उत्तम. पण पाण्यावरून ‘येथे कोण आहे’ एवढेच चांगले कळते. कोणता मासा कोणाचे पिल्लू, हे सांगायला त्या त्या माशाचाच नमुना हवा.

इजा नको, म्हणजे नेमके काय?

तुकडा लहान घेतला, की काम झाले असे नाही. माशाला खरा धोका कात्रीचा नसतो, तो असतो हवेचा, उष्णतेचा आणि कोरड्या हातांचा.

कॅनडात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. ट्राउट मासे दमेपर्यंत पळवले आणि तसेच पाण्यात ठेवले, तेव्हा १२ तासांत १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद पाण्याबाहेर धरले, तेव्हा ३८ टक्के मेले. ६० सेकंद धरले, तेव्हा ७२ टक्के! सोडताना मासा जिवंत दिसतो, पोहूनही जातो आणि नंतर मरतो. कारण कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात फुललेल्या असतात, त्या हवेत एकमेकींना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे. मरळीसारखा हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा यापेक्षा पुष्कळ काटक. पण सगळे मासे मरळ नसतात.

आपल्या विदर्भात त्यात उन्हाळ्याची भर पडते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. म्हणून हे काम पहाटे, थंड वेळी करायचे आणि मे महिन्याच्या दुपारी मुळीच करायचे नाही.

जाणकार मंडळी पुढील क्रमाने काम करतात. गाठी नसलेल्या मऊ जाळीने मासा काढून नदीच्याच पाण्याने भरलेल्या टबात ठेवतात. हात आधी ओले करतात, कारण कोरड्या हाताला श्लेष्माचा थर निघून येतो आणि तेथे बुरशी धरते. मोठ्या माशाला शेपटीला धरून लोंबकळू देत नाहीत, त्याला दोन्ही हातांवर आडवा झेलतात. तो फारच धडपडत असेल, तर लवंगेच्या तेलातील युजेनॉलसारखे गुंगीचे औषध मोजून पाण्यात घालतात. असा मासा लगेच खाण्यासाठी बाजारात जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. डोके पाण्याखालीच ठेवून फक्त पर वर धरतात आणि कात्री एकदाच चालवतात. मग मासा स्वतःच्या बळावर पोहू लागेपर्यंत त्याला स्वच्छ पाण्यात आधार देतात आणि जेथून काढला तेथेच सोडतात.

नमुन्याचीही काळजी तितकीच घ्यावी लागते. तुकडा ९५ टक्के अल्कोहोल असलेल्या लहान बाटलीत टाकतात. प्राणिसंग्रहासाठी वापरतात ते फॉर्मॅलिन येथे चालत नाही, त्याने डी.एन.ए. खराब होते. दोन माशांच्या मध्ये कात्री आणि चिमटा पुसून ज्योतीवर धरतात. पी.सी.आर.ला चुकूनही आलेला दुसऱ्याचा अंश वेगळा काढता येत नाही, तो त्याच्याही कोट्यवधी प्रती काढतो. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असते. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. चिठ्ठीवर तारीख, नदी, जागा, माशाचे स्थानिक नाव, लांबी आणि क्रमांक. त्याच क्रमांकाने माशाचे छायाचित्रही घेतात, कारण मासा तर परत गेलेला असतो. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

आर्णीत बसून काय करता येईल?

विद्यार्थी मित्रांनो, जिवंत मासा पकडून त्याचे पर कापण्याचा प्रयोग मात्र करू नका. त्याला परवानगी लागते, सराव लागतो, आणि तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. पण मासा न दुखवता करण्याजोगे काम आपल्याजवळ पुष्कळ आहे.

बाजारात विक्रीला आलेला मासा तर गेलेलाच असतो. त्याचा एक खवला मागून घ्या, धुऊन दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. झाडाच्या खोडासारखी वलये दिसतील. पराचे किरण मोजा, कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा. रोहू आणि मृगळ यांच्या ओठांतला फरक टिपून ठेवा.

दुसरे काम याहून मोलाचे. भोई समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना भेटा. धरण होण्यापूर्वी नदीत कोणते मासे मिळत, त्यांना काय म्हणत, कोणत्या महिन्यात ते वर चढत, आता कोणते दिसत नाहीत, हे विचारा आणि वहीत उतरवा. साइक्सला माशांची नावे अशाच माणसांनी सांगितली होती. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था असो की नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय, कोणत्याही तज्ज्ञाला नमुना घेण्यापूर्वी आधी हेच ठाऊक असावे लागते, की कोठे आणि काय शोधायचे.

शिक्षकांनी हा उपक्रम दर वर्षी एकाच महिन्यात केला, तर पाच वर्षांत शाळेजवळ आपल्या नदीची नोंदवही तयार होईल. धरणात सोडलेल्या बीजाची तारीख, जात आणि ते कोठून आले, हेही त्यात लिहावे. कावेरीत मूळ मासा मागे पडू लागल्याचे कळले, ते शौकिनांनी प्रत्येक माशाची नोंद ठेवली म्हणून. त्यांनी मासे सोडून दिले होते, आकडे मात्र जपून ठेवले होते. अरुणावतीचे आकडे कोणीतरी लिहायला सुरुवात करायची आहे.